प्रमाणित चिखल

'नाचता येईना अंगण वाकडं' या म्हणीने आपल्या समाजाचं फार मोठं नुकसान केलेलं आहे. पिढ्यानपिढ्या लोक ती कुचेष्टेने वापरत आले. पण अंगण खरोखरच वाकडं होतं का, असल्यास किती अंशांनी, आणि त्यामुळे नाचणारीच्या डाव्या घोट्यावर किती जादा भार येत होता, याची मोजणी एकाही शहाण्याने केली नाही. न मोजताच तिला दोषी ठरवून सगळे जेवायला गेले. ही उणीव भरून काढण्याचं काम आमच्या भाऊजींनी हाती घेतलं आहे. त्यांच्या बाबतीत नाचाच्या जागी सायकल आहे आणि अंगणाच्या जागी डोंगर आहे, एवढाच काय तो फरक.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते विमा कंपनीत लोकांच्या अपघातांची शक्यता काढतात, त्यामुळे कुठलीही गोष्ट घडायच्या आधीच तिची काळजी करण्याची त्यांना पगारी सवय आहे. आमच्या गावाबाहेर डोंगराला वळसा घालून झाडीतून जाणारी एक वाट आहे. पावसाळ्यात तिचा असा राडा होतो की शेळ्यासुद्धा लांबच्या रस्त्याने जातात. (शेळ्यांचं म्हणणं लेखी घेतलेलं नाही.) पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या भाचीने, म्हणजे भाऊजींच्या एकुलत्या एक लेकीने, त्यांना विचारलं की या वर्षी एकदा आपण दोघांनी त्या वाटेवर सायकलने जायचं का. पावसाळा संपला की ती नोकरीसाठी दूरच्या शहरात जाणार होती आणि परत कधी येणं होईल, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. भाऊजी तत्काळ हो म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांनी डोंगरात चालवायची नवी सायकल आणली आणि समिती नेमली.

चिखल-सिद्धता समितीचे अध्यक्ष अर्थातच भाऊजी. चिटणीस मी, कारण माझं अक्षर बरं आहे आणि मला दुसरा उद्योग नाही. तज्ज्ञ सभासद म्हणून भाऊजींचे मित्र, दाताचे डॉक्टर, यांना घेण्यात आलं. या निवडीवर काही खवचट लोकांनी नाकं मुरडली. पण अशा सायकलच्या टायरला मोठाले दात असतात, त्या दातांच्या फटीत चिखल अडकतो, आणि फटीत अडकलेलं काढणं हे काय न्हाव्याचं काम आहे? भाचीला मात्र सभासद करता आलं नाही. तिला सायकल चालवण्यात रस होता, त्यामुळे तिच्या निःपक्षपातीपणाविषयी उद्या कोणी शंका घेतली असती.

पहिला विषय टायरचा. चिखलासाठी टायर कसा असावा याबद्दल जगात दोन पंथ आहेत. एक म्हणतो टायर अरुंद हवा, म्हणजे तो चिखल कापत खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. दुसरा म्हणतो रुंद हवा, म्हणजे तो चिखलात न रुतता वरच्या वर तरंगत जातो. दोघांचंही म्हणणं खरं आहे, आणि जगातली बहुतेक भांडणं याच कारणाने मिटत नाहीत. भाऊजी न्यायी माणूस. त्यांनी पुढे अरुंद आणि मागे रुंद लावून पाहिला, मग उलट लावला, मग दोन्ही अरुंद, मग दोन्ही रुंद, आणि शेवटी टायर काढून नुसत्या चाकांकडे बराच वेळ बघत बसले. सायकलच्या दुकानदाराने त्या महिन्यात दुकानाला नवा रंग दिला.

टायर तपासायचा तर चिखल पाहिजे. पण वाटेवरच्या चिखलाचा काय भरवसा? सकाळी रेंदा असतो, दुपारी लगदा होतो, पुढे वळणावर नुसता गाळ, आणि झाडाखाली जे असतं त्याला सभ्य शब्द नाही. आज एका चिखलात एक टायर आणि उद्या दुसऱ्या चिखलात दुसरा, अशी तुलना करणं म्हणजे एका मुलाला गणिताचा पेपर द्यायचा, दुसऱ्याला चित्रकलेचा, आणि गुण एकाच फळ्यावर लावायचे. म्हणून समितीने प्रमाणित चिखल तयार करायचं ठरवलं. कृती सोपी आहे. वाटेवरचा अस्सल चिखल आणायचा, त्यातले खडे, काटक्या आणि गांडुळं वेगळी करायची (गांडुळं सन्मानाने), आणि उरलेला ऐवज मिक्सरमधून एकजीव करून घ्यायचा.

मिक्सर ताईचा होता. तिने तो परत मागितला. तिचा अर्ज (तोंडी, स्वयंपाकघरातून, टिपेच्या आवाजात) समितीपुढे ठेवण्यात आला. समितीने खेद व्यक्त केला आणि मिक्सरच्या पात्याची झीज मोजून ठेवली. ती अपेक्षेपेक्षा जास्त निघाली, म्हणजे चिखल दर्जेदार होता.

आता हा अस्सल चिखल वाटेवरून आणायचा कोणी? समितीचे तिन्ही सभासद सायकलला तपासलेले भाग बसल्याखेरीज त्या वाटेवर पाऊल टाकू शकत नव्हते, कारण तसं करणं धोक्याचं आहे हे समितीनेच लिहून ठेवलेलं होतं. म्हणून ते काम भाचीकडे आलं. ती दर रविवारी आपल्या शाळेच्या वेळच्या सायकलला बादली अडकवून जायची, डोंगराला पूर्ण वळसा घालायची, निरनिराळ्या ठिकाणचा चिखल भरायची आणि भुवयांपर्यंत माखून हसत परत यायची. तिच्या सायकलचे टायर तुळतुळीत होते आणि दोनपैकी एकच ब्रेक लागत असे. आम्ही बादली उतरवून घेत असू. चिखलातून सायकल जाऊ शकते की नाही, हा मूळ प्रश्न त्या वेळी अनिर्णीत होता.

दर रविवारी निघताना ती दारातून भाऊजींना विचारायची की बाबा, आज येतोस का. भाऊजी म्हणायचे, पुढच्या रविवारी नक्की, आज जरा मडगार्डचं बघायचंय.

मडगार्डचं प्रकरण नाजूक होतं. उत्तम टायर कुठला? जो चिखल स्वतःला चिकटू न देता जोरात मागे फेकतो तो. उत्तम मडगार्ड कुठलं? जे मागे काहीही उडू देत नाही ते. म्हणजे एका भागाचं यश ते दुसऱ्याचं अपयश. चाचणीसाठी डॉक्टर आपला पांढरा कोट घालून चाकामागे उभे राहत आणि मी पेडल हाताने फिरवत असे. पहिल्या फेरीत कोट स्वच्छ राहिला, तेव्हा टायरच्या बाजूने बोलणाऱ्या भाऊजींनी निषेध नोंदवला. दुसऱ्या फेरीत डॉक्टरच दिसेनासे झाले, तेव्हा भाऊजींनी टाळ्या वाजवल्या. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तोच कोट घालून दवाखाना उघडला, आणि पहिला रुग्ण दात न दाखवताच बरा झाल्याचं सांगून निघून गेला.

ब्रेकची चाचणी दिवाणखान्यात झाली. फरशीवर पाणी आणि त्यावर पातळ प्रमाणित चिखलाचा हात, आणि भाऊजी स्वयंपाकघराच्या दारापासून सोफ्यापर्यंत सायकलवरून आले. त्यांनी ब्रेक दाबले तेव्हा असा आवाज झाला की खालच्या मजल्यावरच्या आजी, घरात कोणाला काही झालं का म्हणून डोळे पुसतच वर आल्या. सायकल थांबली. सोफा थांबला नाही. बटण दाबून खाली जाणाऱ्या सीटची चाचणी मात्र रोज होत असे. सायकल भिंतीला टेकवून भाऊजी संध्याकाळचा चहा तिच्यावर बसून घेत. त्या भागाविषयी समितीची काही तक्रार नाही.

एवढ्या चाचण्यांनंतर समितीने बिघाडांची वर्गवारी केली. चार टक्के बिघाड टायरमुळे, तीन टक्के ब्रेकमुळे, एक टक्का मांजरामुळे, आणि उरलेले ब्याण्णव टक्के एकाच घटकामुळे झाल्याचं आढळलं. तो घटक सगळ्यात जड होता, सगळ्यात वर बसवलेला होता आणि ऐन वेळी डोळे मिटत होता. भाऊजींचा मोठेपणा असा की त्यांनी अध्यक्ष म्हणून या निष्कर्षावर स्वतः सही केली. चालवणारा बदलून मिळेल का, याची दुकानात चौकशीही करून झाली. दुकानदार म्हणाला मागवून बघतो.

होता होता पाऊस ओसरायला लागला. भाचीच्या खोलीत एक बॅग उघडी पडून राहू लागली आणि ताई तिच्यात रोज काहीतरी ठेवू नि काढू लागली. भाऊजी त्या खोलीत जाणं टाळत. लेक चालली होती, तिच्यासोबत एकदा चिखलात जायचं होतं, आणि त्या चिखलात आपण तिच्यासमोर पडणार याची त्यांना भीती वाटत होती. हे ते कोणालाच बोलले नाहीत. मला म्हणाले, साखळीच्या तेलाचं तेवढं राहिलंय.

शेवटच्या रविवारच्या आदल्या रात्री पाऊस मनसोक्त कोसळला. सकाळी भाची आपली सायकल घेऊन दारात उभी राहिली. दिवाणखान्यात समितीची बैठक चालू होती. नव्या सायकलचे सगळे भाग मंजूर झाले होते. फक्त साखळीला ओल्या हवेचं घट्ट तेल घालावं की कोरड्या हवेचं पातळ, यावर मतभेद होते.

"बाबा, उद्या सकाळी माझी गाडी आहे," ती म्हणाली. "आज येतोस ना?"

"दुपारपर्यंत थांबतेस का गं? तेलाचं नक्की होऊ दे."

"दुपारी ऊन पडेल. वाट सुकून जाईल."

भाऊजी खरोखर पेचात पडले. त्यांनी तिच्या सायकलच्या गंजलेल्या साखळीकडे पाहिलं आणि अभ्यासाच्या तळमळीने विचारलं, "तू कुठलं घालतेस?"

"काय?"

"तेल."

"तेल घालायचं असतं?" भाची म्हणाली.

डॉक्टर खुर्चीत बसले. तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिने समितीकडे पाहिलं, मग सायकलकडे, मग मिक्सरकडे. "व्हा बाजूला," असं म्हणून तिने ती सर्वांगाने सिद्ध झालेली, जगातली बहुधा सगळ्यात जास्त तपासलेली सायकल स्टँडवरून उतरवली आणि घरातल्या चपलांनिशी जिना उतरली. ताई कॉलेज सुटल्यापासून सायकलवर बसलेली नव्हती. फाटकाबाहेर पडताना तिने एक कुंडी, एक कुत्रा आणि एक पेपरवाला अशा तिघांना मार्ग बदलायला लावला. भाचीला हसू आवरत नव्हतं, तरी ती आईला ओरडून सांगत होती की पुढे बघ, माझ्याकडे नको बघू.

भाऊजी पुढचा ब्रेक दाबू नकोस म्हणून ओरडत त्यांच्या मागे धावले. फाटकापाशी भलंमोठं डबकं साचलेलं होतं. तिथे ते थांबले. त्यांच्याही पायात घरातल्याच चपला होत्या, आणि ओल्या जमिनीवर त्या चपलांची चाचणी झालेली नव्हती. दोघी वळणाआड दिसेनाशा झाल्या तरी ते तिथेच उभे होते.

दोघी परत आल्या तेव्हा कोण कोणती हे आवाजावरून ओळखावं लागलं. ताई किती वेळा पडली यावर मायलेकींचं एकमत नव्हतं, आणि त्या मतभेदावर दोघी एकमेकींना धरून इतक्या हसत होत्या की जिन्यातच बसल्या. ताईची एक चप्पल डोंगरात राहिली होती. सायकलला काहीही झालं नव्हतं. भाऊजींनी टायरकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मजा आली?" त्यांनी लेकीला विचारलं.

"खूप," ती म्हणाली. "पण मला तू हवा होतास."

भाऊजींना वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ते आत गेले आणि नळ सोडून पुष्कळ वेळ तोंड धूत राहिले. त्यांच्या तोंडाला चिखल नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाची गेली. समितीने नंतर त्या फेरीचा विचार केला, पण ताई प्रमाणित स्वार नसल्याने आणि चिखल मिक्सरमधून न काढता थेट वापरलेला असल्याने तिचे निष्कर्ष ग्राह्य धरता आले नाहीत. तेलाचा प्रश्न एकमताने सुटला. मात्र त्याच सुमारास बाजारात त्या टायरची सुधारित आवृत्ती आली, त्यामुळे सगळे भाग नव्याने तपासणं ओघानेच आलं. भाचीचा फोन येतो तेव्हा भाऊजी तिला सांगतात की पुढच्या पावसाळ्यात नक्की. ती बरं म्हणते. तिला सुट्टी नाही हे ती सांगत नाही, आणि तेही विचारत नाहीत.

समितीचं काम वाढल्यामुळे सभासदसंख्या वाढवायची आहे. त्यासाठी अर्ज वगैरे लागत नाही. जी व्यक्ती चिखलातल्या सायकलफेरीविषयी इतका मजकूर एका जागी बसून, पायाला मातीचा कण न लागू देता, शेवटपर्यंत वाचते, आणि मधूनमधून भाऊजींना हसतेसुद्धा, तिला आम्ही सभासद धरूनच चालतो. तेव्हा आपलं स्वागत असो. आणि इतका वेळ बूट घालून दारात कोणी आपली वाट बघत उभं असेल, तर त्यांना सांगा, झालंच आता, शेवटची ओळ आहे.