नासक्या टोमॅटोची साक्ष

उसाच्या चिपाडापासून टोमॅटो टिकवणारा लेप सुलक्षणाने तयार केला, तो पोटात गेला तरी अपाय नाही याची तपासणी करून घेतली, आणि पुराव्याने माणसांना पटते असे मानण्याची चूक तेवढी केली. सासरे हौसराव यांनी प्रयोगासाठी शेड दिली होती, पण अटीवर. "चारचौघांत लेप खरा ठरला तर शेड तुझी, सूनबाई. न्हाईतर म्हशी बांधनार."

तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात दगडोबामामांनी एक टोमॅटो दाबला. "मागल्या बाजाराला हेच व्हते न्हवं? अजून टणक कसं?"

सुलक्षणा बोलण्याआधीच तिचा नवरा इंद्रजीत अभिमानाने म्हणाला, "हिनं औषध लावलंय, मामा. घरीच केलंय."

ज्या मुलखात फवारणीच्या विषालाही औषधच म्हणतात, तिथे हे वाक्य एका कृषी पदवीधराने उच्चारले. मामांनी टोमॅटो हळूच खाली ठेवून हात धोतराला पुसले.

"औषध नाही हो मामा, चिपाडाचा लेप आहे. मी स्वतः खाते."

"तू शिकल्याली. तुला काय बी पचंल."

जमलेल्यांनी लगेच निवाडाही केला. एक टोमॅटो देवळाच्या कट्ट्यावर ठेवायचा. पुढच्या बाजारापर्यंत नासला तर माल निर्दोष, न नासला तर विषारी. लेप जितका उत्तम, तितका तो अपराधी ठरणार होता. हे अज्ञान नव्हते. अज्ञान निदान प्रश्न तरी विचारते.

आठवडाभर माणसे कट्ट्यावर डोकावत राहिली. "माशीसुदिक बसंना," असे म्हणत बायका पदर सावरून लांबून जात.

बाजाराच्या दिवशी पहाटे सुलक्षणाने तो टोमॅटो उचलला आणि त्या जागी बिनलेपाचा, पाणी सुटलेला दुसरा ठेवला. तिच्या उच्चशिक्षणाचा समाजाला झालेला हा पहिला उपयोग.

"नासला की," दगडोबामामा समाधानाने म्हणाले. "म्हंजी माल चोख हाय. दोन किलो घाल."

दुपारपर्यंत पाट्या रिकाम्या झाल्या. आपण घेतलेले टोमॅटो मात्र टणकच आहेत, याची दखल कोणी घेतली नाही.

घरी हौसराव शेडच्या दारात म्हशीचे दावे धरून उभे होते.

"आबा, सगळा माल खपला."

"कळलं. कट्ट्यावरनंच आलोय." त्यांचा आवाज मायेचा होता. "वाईट वाटून घिऊ नगंस. पर नासल्यालं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं."

खरे सांगावे, तर सकाळी विकलेला माल संध्याकाळी विषारी ठरला असता. सुलक्षणा दारातून बाजूला झाली आणि म्हैस आत गेली.