द्राक्षावरचा नूर

आगरदांड्याच्या जेट्टीवर इब्राहिमचाचांची फळांची गाडी असते. तिच्यावरच्या द्राक्षाला हात लावून बघा. चाचा असे ओरडतात की बोटीची वाट बघणारे सगळे मान वळवून तुमच्याकडे बघतात. "हात नको, हात नको! नूर जातो त्याचा!"

नूर म्हणजे सालीवरची ती पांढुरकी भुकटी. आपण ती औषधाची समजून खसाखसा धुतो. चाचांच्या मते तीच द्राक्षाची अब्रू. "ह्यो येलानं दिलेला झगा हाय मास्तर. माणसाचा हात लागला की उतरतो." तीस वर्षं दुबईच्या मंडईत द्राक्षं निवडताना ते हे शिकले. माझी शाळा खाडीपलीकडे दिघीला, पण बोट येईपर्यंत रोज इथे माझीच शाळा भरते.

एकदा मी चुकून "काळी द्राक्षं द्या" म्हणालो. झालं! चाचांनी देठाला धरून एक मणी उन्हात धरला. आत तांबूस-जांभळा उजेड, सालीखाली बारीक शिरा, मधोमध दोन बियांची सावली. "आता सांगा, काळा कुठं हाय यात?" हिरवं द्राक्षही त्यांच्या लेखी हिरवं नसतं. मधाची झाक आली तरच ते पिकलं, आणि देठ वाळला की घड शिळा. एवढं ऐकेस्तोवर माझी बोट सुटली. त्या दिवशी मी चाचांवर मनापासून वैतागलो होतो.

गेल्या महिन्यात एका सकाळी पाहिलं, तर गाडी झाकलेली. चाचा बाजूच्या कट्ट्यावर बसले होते. मांडीवर एक जुनी ओढणी, आणि तिच्या टोकाने ते घडातला एकेक मणी पुसत होते. परातीत चकचकीत घडांची रास लागली होती.

"काय चाचा, आज नूर कुठं गेला?" मी चिडवलं.

ते हसले नाहीत. "आज माझ्या घरवालीची, आमिनाची बरसी. सुट्टीवर येताना मी द्राक्षं आणायचो, ती या ओढणीनं पुसून ताटात ठेवायची. म्हणायची, तुमी चार दिसांचे पावणे, तुमाला धुळीची कशी देऊ? मी वरडायचो. शेवटच्या सुट्टीत तर ताटच लांब सारलं. मी परत गेलो, आनि मंग तिकडं फोनच आला."

मला चिडवल्याची लाज वाटली.

"घरी तिच्या नावानं फातिहा दिली. आता ही वाटायची, तिच्यासारखी पुसून. घ्या."

मी हात पुढे केला. चाचांनी घड पुन्हा मागे घेतला आणि उन्हात धरून बघितला. देठाजवळच्या एका मण्यावर थोडं पांढरं राहिलं होतं. तेवढं ओढणीने पुसून त्यांनी घड माझ्या हातात दिला.