सुनीताबाई राहतात कुठे?

आमचे देवरेभाऊ फोनला 'साहेब' म्हणतात. फोनवर बोलणाऱ्या माणसाला नव्हे, फोनलाच. विचाराल त्याचं उत्तर लिहून देणारं ते एआय असतं ना, त्याला. "साहेबांना विचारून सांगतो," असं म्हणून ते खिशातून फोन काढतात, चष्मा पुसतात आणि खुर्चीवरून उठून उभे राहतात. साहेबांशी बसून बोलायचं नसतं. एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं नोकरी केली, साहेब म्हणतील ती पूर्व दिशा. निवृत्त झाले, साहेब संपले आणि माणूस बावरला. आता फोनात नवा साहेब सापडलाय, आणि याची तर बदलीही होत नाही.

इंदिरानगरमध्ये आमचा एक छोटा ट्रस्ट आहे. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलंय त्यांना पलंग, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, हवेच्या गाद्या वापरायला द्यायच्या आणि काम झालं की परत आणायच्या. इमारतीच्या पार्किंगमधली शटरची एक खोली, तीत हे सगळं सामान आणि समोरासमोर दोन खुर्च्या. एक भाऊंची, ते अध्यक्ष. दुसरी माझी. मी सचिव, शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका. गेली अकरा वर्षं मदतीसाठीचे सगळे अर्ज मीच लिहीत आले. सरळ, दोन पानी. त्यातल्या निम्म्यांना उत्तरंही आली नाहीत हे खरं आहे, पण एकातही खोटं नव्हतं.

यंदा एका कंपनीच्या समाजसेवा विभागाने अर्ज मागवले. आम्हाला दहा हवेच्या गाद्या हव्या होत्या. सतत पडून राहणाऱ्याच्या पाठीला जखमा होतात, त्या या गादीने टळतात. आमच्याकडे दोनच होत्या आणि आठ घरं वाट बघत होती. मी कागद पुढे ओढला, तर भाऊ म्हणाले, "राहू द्या मॅडम. यंदा साहेब लिहितील. तुमचं जरा जुन्या वळणाचं पडतं."

जुन्या वळणाचं! मी पेनाला टोपण लावलं ते चार दिवस काढलं नाही.

साहेबांनी तीन मिनिटांत चौदा पानं पाडली. भाऊंनी ती खणखणीत आवाजात वाचून दाखवली. त्यात कमोडच्या खुर्चीमुळे 'समग्र सामाजिक परिवर्तन' घडत होतं. वॉकर हा 'सक्षमीकरणाचा सेतू' होता. आमची शटरची खोली 'बहुआयामी संसाधन केंद्र' झाली होती. त्या बहुआयामी केंद्रात पंखा लावायला जागा नाही.

"भाऊ, याचा अर्थ काय?"

"अर्थ साहेबांना माहीत. पण वजन बघा ना मॅडम, वजन!"

वर या गृहस्थांनी, अर्जाला आधार हवा म्हणून, आमच्या नोंदवहीच्या पानांचे फोटो काढून साहेबांना दाखवले होते. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाला काय झालंय, सगळं. लोक जे सख्ख्या शेजाऱ्यापासून झाकतात, ते यांनी कुठल्या कुठे पोचवलं. मी तोंड सोडलं तर म्हणाले, "साहेब कुणाला सांगत नाहीत." जणू साहेब यांच्या आत्याच्या गावचे!

अर्जाच्या शेवटी एक रकाना होता: एका लाभार्थ्याची यशोगाथा. तिथे सुनीताबाई विराजमान होत्या. वय बावन्न, अपघातात पाय गेलेले, आमच्या चाकाच्या खुर्चीवर बसून त्यांनी पापडाचा उद्योग उभा केला होता आणि आता बारा जणींना काम देत होत्या.

"या कोण?"

"असतील ना. वहीत एवढी नावं आहेत. साहेबांनी शोधून काढल्या असतील."

"अहो, आपण चाकाची खुर्ची ठेवतच नाही!"

भाऊंचा चेहरा पडला. अर्ज सकाळीच पाठवून झाला होता.

पंधरा दिवसांनी कंपनीच्या अधिकारी बाई आल्या. तरुण, शांत. सामान पाहिलं, वही पाहिली, आणि म्हणाल्या, "मला सुनीताबाईंना भेटायचंय. राहतात कुठे?"

भाऊ उठून उभे राहिले. "साहेबांना विचारून सांगतो."

आणि आमच्या देखत विचारलं की हो! वरून आलेला हुकूम मोठ्याने आणि पूर्ण वाचायचा, ही नोकरीतली सवय. तसंच त्यांनी वाचलं, "आपण अतिशय महत्त्वाचा प्रश्न विचारलात. सुनीताबाई हे एक काल्पनिक उदाहरण आहे. त्यांच्यासाठी एखादा योग्य पत्ता सुचवू का?"

अधिकारी बाई हसल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून दुसरा अर्ज काढला, शहरातल्याच दुसऱ्या एका संस्थेचा. तिथेही सुनीताबाई, वय बावन्न. फक्त तिथे त्या लोणची घालत होत्या. "काका, यंदा तीन संस्थांनी या बाईंना उभं केलंय. तुमचं काम खरं दिसतंय, पण अर्ज मला बादच करावा लागेल. एक तरी खरं माणूस लिहायचं होतं."

भाऊ खाली बघत म्हणाले, "आमच्याकडे यश कुठे असतं, मॅडम? आमची गादी तेराव्यानंतर परत येते."

त्या गेल्यावर मी भाऊंना सोडलं नाही. आठ घरांची नावं एकेक घेऊन सुनावलं. मग म्हटलं, "आणा तो फोन. काय काय दिवे लावलेत ते बघू तरी." त्यांनी निमूट दिला.

मी बोटाने सरकवत त्या संभाषणात पार वर गेले. साहेबांच्या चौदा पानांच्याही आधी भाऊंनी स्वतः, एका बोटाने टाइप केलेला मजकूर होता.

'आदरणीय साहेब, यशोगाथा लिहायची आहे. माझी पत्नी मंदा चौदा महिने पडून होती. पाठ सगळी सोलली होती. शेवटी एकाने हवेची गादी दिली, ती आठ दिवस मिळाली. ते आठ दिवस तिला झोप लागली. हे यश धरतात का?'

खाली साहेबांचं उत्तर: 'आपली भावना हृदयस्पर्शी आहे! तथापि निधी देणाऱ्यांना सकारात्मक शेवट अधिक भावतो. एक प्रभावी पर्याय देतो.' आणि मग सुनीताबाई.

मंदावहिनी गेल्या आणि मग भाऊंनी हा ट्रस्ट काढला, एवढं मला माहीत होतं. कशा गेल्या, हे मी अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. समोरच्या खुर्चीत बसून त्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढत राहिले. त्यांना विचारायला एक यंत्र सापडलं, त्यानेही शेवट बदलून मागितला. मला माझीच लाज वाटली.

"भाऊ, दुसरीकडे अर्ज करू. मी लिहिते. त्या आठ दिवसांचं सांगा मला."

ते खुर्चीत बसले. माणूस मूळचा नामपूरकडचा, तिकडची बोली अहिराणी; पण आमच्या खोलीत ती कधी बोललेला मी ऐकला नव्हता.

"पहिल्या दिवशी सकाळी सात वाजले तरी उठेना. मी घाबरलो, नाकाशी हात धरून बघितला. तर डोळे उघडले आणि मला म्हणे, आज चहा मी करस. पाय हलवता येत नव्हता हो तिला. तरी म्हणे, तुम्ही बसा, आज चहा मी करस."

मी ते त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं लिहून घेतलं. पुढचं वाक्य मला सुचलं नाही आणि भाऊंनीही सांगितलं नाही. अर्ज तेवढाच गेला.