पुलाची अर्जित रजा

आमचे साडू अच्युतराव दाबके यांच्या मेंदूच्या दोन अर्ध्यांमधला पूल गेल्या वर्षी पंधरा दिवसांच्या अर्जित रजेवर गेला. हे मी शपथेवर सांगतो, कारण मी ते पंधराही दिवस कऱ्हाडला त्यांच्या घरी होतो. म्हणजे पंधराही नव्हतो. खरं तर चारच दिवस होतो, आणि त्यातला एक झोपण्यात गेला. पण अर्ज मी स्वतः वाचला आहे.

तो अच्युतरावांच्या सदऱ्याच्या खिशात सापडला. प्रत्येक ओळीचा पहिला अर्धा भाग डाव्या हाताच्या वाकड्या अक्षरात, उरलेला उजव्या हाताच्या नेहमीच्या वळणात. ‘विषय: रजा मिळणेबाबत. महोदय, उजव्या अर्ध्याने पाहिलेले डाव्या अर्ध्याकडे पोचविण्याचे काम मी जन्मापासून अखंड करीत आहे. तरी सोमवारपासून पंधरा दिवस मला मोकळे करावे. कळावे. आपला नम्र, पूल.’

डॉक्टर मुजावरांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला.

“रीतसर आहे,” ते म्हणाले. “नामंजूर करायला काही जागा दिसत नाही.”

“पण हा पूल करतो काय?” नलूताईंनी विचारलं. नलूताई म्हणजे अच्युतरावांची बायको, माझी मोठी मेव्हणी.

“असं बघा, समोर जे दिसतं त्यातलं डावीकडचं मेंदूच्या उजव्या अर्ध्यात उतरतं आणि उजवीकडचं डाव्यात. दोन्ही डोळ्यांचं तसंच. बोलण्याचं खातं डाव्या अर्ध्याकडे. उजवा बघतो, ओळखतो, सगळं करतो, पण त्याला तोंड नाही. त्याने पाहिलेलं पुलावरून पलीकडे गेलं तरच बोलता येतं.”

“आणि पूल रजेवर असला तर?”

“तर डावीकडचं यांना दिसेल, पण दिसलं असं हे सांगू शकणार नाहीत.”

“मला सगळं व्यवस्थित दिसतंय,” अच्युतराव म्हणाले.

“तेच ते,” असं म्हणून डॉक्टरांनी ‘मंजूर’ लिहिलं.

दाबके नवरा-बायको लग्नामुंजीच्या जेवणांची कामं घेतात. भात, आमटी, भाज्या अच्युतरावांच्या. पानाची डावी बाजू, म्हणजे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, ही नलूताईंची. स्वयंपाक करतानाही त्या नवऱ्याच्या डाव्या हाताला उभ्या राहतात. सव्वीस वर्षं जागा ठरलेली.

मंगळवारी एका मुंजीचं काम होतं. पंगत बसली. अच्युतराव पानांवरून नजर फिरवत आले आणि म्हणाले, “डावी बाजू वाढलेलीच नाही. ही गेली कुठे?”

“ही इथेच आहे,” त्यांच्या डाव्या खांद्याशी कोशिंबिरीचं पातेलं घेऊन उभ्या असलेल्या नलूताई म्हणाल्या.

“आवाज येतोय. बाई कुठाय?”

एवढ्यात त्यांच्या डाव्या हाताने शेजारच्या वाडग्यातली चटणी बोटावर घेतली, तोंडात घातली आणि हवेत चिमूट धरून दाखवली, फक्कड जमलं की आपण धरतो तशी.

“हे काय केलंत?” मी विचारलं.

“बोटाला काहीतरी लागलं होतं,” ते शांतपणे म्हणाले.

खोटं बोलत नव्हते ते. बोलणाऱ्या अर्ध्याला चटणीचा पत्ताच नव्हता. पण हाताने काहीतरी केलंय म्हटल्यावर कारण द्यायला हवं, म्हणून त्याने एक दिलं. हा अर्धा मला फार जवळचा वाटला.

संध्याकाळी नलूताई पिशवी भरत होत्या.

“भाऊजी, सव्वीस वर्षं मला वाटायचं, हे मला डावलतात. आता डॉक्टरांनी जागासुद्धा दाखवून दिली.”

“ताई, उपाय सोपा आहे. त्यांच्या उजवीकडे येऊन उभ्या राहा.”

“मी दिसावी म्हणून मीच हलू?”

“मग त्यांना मान वळवायला सांगा.”

“सांगितलं. वळवतात बिचारे. पण कशासाठी वळवायची ते त्यांना ठाऊक नसतं, की लगेच सरळ.” त्यांनी पिशवीची घडी नीट केली. “गुरुवारच्या एस.टी.ने चिपळूणला लेकीकडे जाते. परत यायचं बघू. नाहीच बहुतेक.”

बुधवारी मी पुलाला पत्र लिहिलं. रजेवर असताना काम करता येत नाही, पत्रव्यवहार करता येतो. मी कागद अच्युतरावांच्या दोन्ही हातांच्या मधे ठेवला आणि त्यावर विचारलं, ‘रजेचे खरे कारण काय?’ थोड्या वेळाने दोन्ही हातांनी पेन आळीपाळीने घेऊन उत्तर लिहिलं.

‘कामाचा कंटाळा नाही. उजवीकडून रोज दुपारी एकच निरोप येतो: चटणी काय सुंदर झाली आहे, तिला सांग. मी तो वेळेत पोचवितो. डावीकडे तो ठेवून घेतला जातो व उच्चारला जात नाही. सबब पोचविण्याचे प्रयोजन राहिलेले नाही. रजेनंतर राजीनामा देण्याचा विचार आहे.’

मी ते अच्युतरावांना मोठ्याने वाचून दाखवलं.

“घरच्या माणसाला काय सांगायचं त्यात?” ते म्हणाले.

“चटणी चांगली झाली, हे.”

“चांगली झाली नसती तर बोललो असतोच की.”

“ताई उद्या निघाल्या आहेत. कळतंय ना?”

त्यांचा चेहरा उतरला. उजवा गाल जरा जास्तच, पण तो उजेडाचा परिणाम असेल. “असं कसं जाईल ती?” एवढंच म्हणाले, आणि मग बराच वेळ समोरच्या भिंतीच्या उजव्या भागाकडे बघत राहिले. आता पूल नाही, तर निरोप आणायचा कुणी, असा प्रश्न मला पडला. तो त्यांनाही पडला असावा. निदान अर्ध्यांना.

गुरुवारी सकाळी अच्युतराव ओट्याशी उभे होते. लाडवांचं बेसन परातीत पसरलेलं. नलूताई पिशवी घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला आल्या आणि म्हणाल्या, “येते मी.”

“कोण?” म्हणता म्हणता अच्युतरावांच्या डाव्या हाताने बेसनात बोट घातलं आणि सावकाश, पाटीवर पहिल्यांदा लिहिणाऱ्यासारखं, दोन अक्षरं काढली. बोलणाऱ्या अर्ध्याला ती दिसत नव्हती. तो गॅस बारीक करण्याबद्दल काहीतरी सांगत होता.

नलूताईंनी ती वाचली. मग त्यांनी परात धरली आणि नवऱ्यासमोरून उजवीकडे सरकवली. स्वतः जागच्या हलल्या नाहीत.

“थांब,” अच्युतरावांनी वाचलं.

“कोणाला म्हणताय?”

एरवी झटकन कारण देणारा तो अर्धा या वेळी घुटमळला. त्याला ही अक्षरं कोणी काढली, कधी काढली, काहीच माहीत नव्हतं.

“तुला,” तो शेवटी म्हणाला. “तू गेलीस तर डावीकडे काहीच उरणार नाही.”

नलूताईंनी पिशवी खाली ठेवली.

पूल रजा संपायच्या दोन दिवस आधीच हजर झाला. आता अच्युतराव रोज दुपारी “चटणी बरी झाली आहे” असं म्हणतात. उजवीकडून ‘सुंदर’ निघतं आणि डावीकडे त्याचं ‘बरी’ होतं, अशी लेखी तक्रार पुलाने केली आहे. डॉक्टर मुजावर म्हणतात, चौकशी चालू आहे.

यातला एकच भाग मी रचला आहे, तोही सांगून टाकतो. “डावीकडे काहीच उरणार नाही” हे अच्युतराव बोललेले नाहीत. ते म्हणाले, “बेसन चाळायचं राहिलंय, म्हणून लिहिलं असेल.” नलूताईंनी ते ऐकलंही नाही. त्या खाली बघत होत्या. अच्युतरावांच्या डाव्या हाताने त्यांच्या पिशवीचा बंद घट्ट धरला होता, सगळ्या बंदाला पीठ लागलं होतं, आणि सव्वासातची चिपळूण गाडी निघून गेली तरी तो सोडत नव्हता.