चौथं विमान

विनोदने मोबाईलवर विमानांच्या लढाईचा गेम घेतला तो हौस म्हणून नव्हे. लेक हिमानी नागपूरला हॉस्टेलवर गेली आणि फोनवरचं बोलणं "जेवली का?" "हो," एवढ्यावरच संपू लागलं. हा गेम मात्र ती रोज संध्याकाळी खेळायची, चौघांच्या टीममध्ये, एकमेकांशी बोलत. तेवढाच अर्धा तास तिचा आवाज कानावर पडेल, म्हणून पांढुर्ण्याच्या मंडीत पावत्या फाडणारा हा बाबू तिच्या टीममधला चौथा वैमानिक झाला.

वैमानिक भलताच शूर निघाला. (नदीच्या दोन काठांवरची गावं एकमेकांवर दगड फेकतात, त्या गोटमारीच्या दिवशी दाराला कडी लावून बसतो, तोच हा.) शत्रू दिसला की बटण दाबून धरायचा, न दिसला तरी धरायचा. मशीनगन तापून बंद पडायची. शनिवारी त्याने आयुष्यातलं पहिलं विमान पाडलं. ते हिमानीचं होतं.

"बाबा, तुम्ही नुसते गोळ्या उधळून राहिले. नेम कुठी हाये? उद्या बी असंच झालं तं मी तुमच्या जागी माझ्या वर्गातल्या प्रतीकले घेते."

विनोदला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी तो आईसमोर बसला. अंबाबाईंचं माहेर नदीपलीकडचं सावरगाव. मुलगी असताना त्यांनी ज्वारीवरचे पोपट गोफणीने हाकलले होते.

"पाखरू जिथं हाये तिथं नाही हाणाचं, बापा," त्या म्हणाल्या. "जिथं जाऊन राहिलं, तिथं हाणाचं. अन् थांबाचं."

माळ्यावरून गोफण निघाली. दगडाऐवजी गळालेलं हिरवं संत्रं घेतलं. विनोदने अंगणात गोफण गरगर फिरवली, समोरच्या लिंबावर नेम धरला आणि दोरी सोडली. संत्रं उलट्या दिशेने खिडकीतून आत गेलं आणि कढीत पडलं.

त्याची बायको तृप्ती पदर झटकत बाहेर आली. "अवो, झाड तिकडं, अन् तुम्ही घरच्यायलेच हाणून राहिले?"

नेमकं हेच लेकीचंही म्हणणं होतं.

संध्याकाळी त्याने थांबायचं ठरवलं. शत्रू समोर आला, विनोद थांबला. शत्रू मागे लागला, तरी थांबला. विमानाने पेट घेतला तेव्हाही तो योग्य क्षणाचीच वाट पाहत होता. शेवटी स्क्रीनवर हिशेब आला. झाडलेल्या गोळ्या, शून्य.

"बाबा..." हिमानी एवढंच म्हणाली. विनोदने घाईने मोबाईल पुन्हा सावरला.

"एक डाव अजून दे, बेटा."

"आण इकडं," म्हणत अंबाबाईंनी मोबाईल ओढला आणि चष्मा पुसला. एक विमान तिरपं चाललं होतं. त्यांनी त्याच्या पुढच्या रिकाम्या आभाळावर नेम धरला, बटणाला जरासं बोट लावलं आणि उचललं. विमान आपल्या पायाने गोळ्यांत शिरलं.

"आजीऽऽ!" हिमानी ओरडली.

आता रोज संध्याकाळी अंबाबाई खाटेवर बसून लढतात. चार्जरची पिन सैल आहे, म्हणून विनोद ती दाबून धरून शेजारी बसतो. स्पीकरवर अर्धा तास लेकीचा आवाज ऐकू येतो, त्याची काही तक्रार नाही. परवा तर तिने आपणहून त्याची चौकशीही केली.

"आजी, बाबा पिन हलवून तं नाही राहिले?"