तेविसावी सूचना

"ज्यानं लिहिलं, त्यानंच खोडावं. दुसऱ्याचं ते कामच न्हाई," असं राधाकृष्ण औंढेकरनं भर ऑफिसात जाहीर केलं आणि लाल रिफिलचा नवा पेन खिशाला लावला.

ऑफिस जवळा बाजारचं, पूर्णाकाठ शेतमाल सहकारी संघाच्या शाखेचं. राधाकृष्ण तिथला कॉम्प्युटर सांभाळायचा. पदाचं नाव भारदस्त होतं, यंत्र देखभाल सहायक. पण त्याच्यापुढे 'तात्पुरता' हा शब्द नऊ वर्षांपासून चिकटलेला. लग्न झालं, दोन लेकरं झाली, कानापाशी केस पांढरे झाले, तरी हा आपला तात्पुरताच.

शहाण्णव साली पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा त्यासोबतचं इंग्रजी पुस्तक कुणालाच उमगेना. राधाकृष्णानं मराठीत पुस्तिका लिहून काढली. चालू कसा करायचा, बंद कसा करायचा, आणि शेवटी 'यंत्र अडल्यास' नावाचं प्रकरण, एकतीस सूचनांचं. नऊही शाखांना तिच्या प्रती गेल्या. तेविसावी सूचना होती: 'दुपारी यंत्र आपोआप बंद पडत असल्यास समोर मसाजीची गिरणी चालू आहे काय ते पाहावे व त्यास दहा मिनिटे थांबण्यास सांगावे.' मसाजीची पिठाची गिरणी ऑफिसच्या दारासमोर. ती फिरायला लागली की इकडचं व्होल्टेज बसायचं, बल्ब लालसर व्हायचा आणि कॉम्प्युटर मान टाकायचा. मसाजीला थांबवायला दर वेळी राधाकृष्णच जायचा. कुरुंद्याच्या शाखेनं तर लेखी कळवलं होतं, की आमचे गावी मसाजी नावाचा गिरणीवाला आढळून येत नाही, तरी मार्गदर्शन व्हावे. राधाकृष्णाकडे कुणी मार्गदर्शन मागितलेलं ते आयुष्यातलं एकमेव पत्र, म्हणून त्यानं ते जपून ठेवलं होतं.

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर नवे कॉम्प्युटर आले, नवी प्रणाली आली, लाइट गेली तरी चालू ठेवणारा बॅटरीचा डबा आला. मागोमाग हिंगोलीच्या मुख्य कार्यालयाचं पत्र आलं: पुस्तिकेतल्या बिघाडाच्या कालबाह्य सूचना वगळाव्यात व सुधारित पुस्तिका सादर करावी. त्यातच खाली एक ओळ, की तात्पुरत्या पदांचा आढावा मार्चअखेर घेतला जाईल. राधाकृष्णानं दोन्ही ओळी जोडून वाचल्या. पुस्तिका लख्ख करून दिली की आपण कायम! त्यानं घरी सांगितलंसुद्धा, आणि बायकोनं त्याच संध्याकाळी पोरांना गूळखोबरं वाटलं.

मग खोडाखोड सुरू झाली आणि ऑफिसात बोंब उठली. आठ वर्षांत त्या सूचनांच्या आधारानं एकेकानं आपला संसार थाटला होता, हे राधाकृष्णाला तोवर कुठं माहीत! बाराव्या सूचनेत दोन तासांनी यंत्राला अर्धा तास विश्रांती लिहिली होती. त्या अर्ध्या तासात मॅनेजर शिवहारअप्पा घरी जाऊन आडवे होत. एकोणिसाव्या सूचनेत माउसचा गोळा स्पिरिटनं पुसायला सांगितला होता. ती बाटली दर महिन्याला शिपाई शिवशंकरच्या गुडघ्यांवर रिकामी व्हायची. आणि सातवी सूचना होती खोली थंड ठेवायची, कूलरमध्ये पाणी घालायची. त्या सातव्या सूचनेवर पार्वतीबाईची रोजंदारी चालू होती.

अप्पांनी गोडीत सांगून पाहिलं, की यंत्र असलं तरी त्याला जीव असतो, थकतं ते. राधाकृष्ण म्हणाला, नव्या यंत्राला विश्रांती लागत नाही, माणसाला लागत असेल तर तसा वेगळा नियम करून घ्या. शिवशंकर दोन दिवस मुद्दाम लंगडून राहिला. त्याची सूचना गेलीच. राधाकृष्णाच्या अंगात लाल पेन शिरला होता, त्याला कोण अडवणार? पार्वतीबाई मात्र भांडली नाही. कूलर रिकामा करून पुसला आणि दारात उभी राहिली.

"माझं जाऊ द्या, भाऊ," ती म्हणाली. "पर चुलीतली समदी राख काढू न्हाई. सकाळच्यासाठी येखादा निखारा ठेवावा."

राधाकृष्ण हसला. अडाणी बाई, हिला प्रणाली काय कळणार, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर त्या ऑफिसात प्रणाली कळलेली तीच एक होती, पण हे सांगणार कोण आणि ऐकणार कोण. तेविसावी सूचना त्यानं बॅटरीच्या डब्याच्या भरवशावर खोडली. एकतिसावी होती, 'वरील उपायांनी न भागल्यास राधाकृष्ण औंढेकर यांस बोलवावे.' तिच्यावर तो जरा थांबला. उद्या कायम होणाऱ्या माणसाचं नाव स्पिरिट आणि कूलरच्या रांगेत बरं दिसत नाही, म्हणून तिच्यावरही रेघ ओढली. एवढंच नाही, प्रकरण ओकंबोकं दिसू नये म्हणून एक वाक्य पदरचं घातलं: 'यंत्र अडल्यास बंद करून पुन्हा चालू करावे.'

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात हिंगोलीहून उत्तर आलं. पुस्तिका अतिशय सुटसुटीत झाली आहे, अभिनंदन. सदर पुस्तिकेनुसार यंत्रात आता बिघाड संभवत नाही. सबब देखभाल सहायकाच्या पदाची आवश्यकता उरलेली नाही. कार्यमुक्तीचा आदेश शाखेनं एकतीस मार्चला कॉम्प्युटरवर काढून द्यावा, हस्तलिखित चालणार नाही. त्या दिवशी आदेश न दिल्यास पद पुढच्या वर्षात चालू राहील.

बाकीच्यांचं काहीही बिघडलं नव्हतं. अप्पांनी विश्रांतीचा अर्धा तास 'क्षेत्रभेट' म्हणून घालून घेतला होता. शिवशंकरची बाटली फरशी पुसण्याच्या सामानात गेली होती. पार्वतीबाई पिण्याच्या पाण्यावर लागली होती, तेही अप्पांच्याच शिफारशीनं. राधाकृष्णाची शिफारस करायला कुणाला सुचलं नाही.

एकतीस मार्चला सकाळपासून गेलेली लाइट दुपारी तीनला आली. अप्पा एका बोटानं आदेश टाइप करत होते. 'कार्यमु' इथपर्यंत आले आणि पडदा काळा झाला. बॅटरीच्या डब्यानं महिन्याभरापूर्वीच प्राण सोडला होता. शिवशंकरनं पुस्तिका उघडून वाचलं: बंद करून पुन्हा चालू करावे. केलं. पुन्हा 'कार्यमु' आणि पुन्हा काळोख. चौथ्या वेळी अप्पांनी हिंगोलीला फोन लावला. तिकडून सांगितलं, पुस्तिका पाहा.

राधाकृष्ण कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून समोरच्या गिरणीची घरघर ऐकत होता. त्याला फक्त गप्प बसायचं होतं. पाच वाजता ऑफिस सुटेपर्यंत तोंड मिटून बसला असता तर वर्षभराची पोळी शाबूत होती. साडेचार वाजले. त्यानं जीभ दाताखाली धरली होती, हो, अगदी खरंच धरली होती.

तेवढ्यात शिवशंकर अप्पांना म्हणाला, "ह्यायला तरी कुठं जमून राहिलं? उगीच का काढून राहिले!"

माणसाला उपाशी राहता येतं, पण हे ऐकून घेता येत नाही. राधाकृष्ण ताडकन उठला, रस्ता ओलांडून गिरणीत गेला आणि मसाजीला म्हणाला, "दहा मिनिटं थांबव." डबे घेऊन बसलेल्या बायका कुरकुरल्या.

मसाजीनं विचारलं, "काहून?"

"तेवीस नंबर."

मसाजीनं पट्टा उतरवला. इकडे बल्ब पांढरा झाला, कॉम्प्युटर उठून बसला. अप्पांचं बोट पुढे सरकेना, म्हणून उरलेला आदेश राधाकृष्णानंच टाइप केला, प्रिंटरचा कागद सरळ लावला, आणि एकही अक्षर न तुटता आदेश बाहेर आला.

"झकास निघाला!" अप्पा म्हणाले, आणि मग त्यांनाच शरमल्यासारखं झालं. राधाकृष्णानं पोच म्हणून सही केली. पार्वतीबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला.

रस्त्यापलीकडून मसाजीनं ओरडून विचारलं, "झालं का वो काम?"

"झालं," राधाकृष्ण म्हणाला. "दळ आता."