खरात काकांची अनामत

माझं अक्षर किरटं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी जमलंच नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. तेवढं सांभाळून घ्यावं. खरात काकांबद्दल कुणाजवळ बोलायचं म्हटलं तर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही, म्हणून बेबीच्या जुन्या वहीत लिहिते आहे. बेबी म्हणजे माझी मुलगी.

खरात काका बिघडलेला लॅपटॉप पुढ्यात घेतला की आधी त्याला कान लावायचे. मग समोरच्याला विचारायचे, "पाणी कोणत्या वारी येतं तुमच्याकडं?"

काका मूळचे फुलंब्रीकडचे. सगळी नोकरी शहरात नळाला पाणी सोडण्यात गेली. व्हॉल्व फिरवायची लांब लोखंडी चावी अजून त्यांच्या दाराआड उभी असते. रिटायर झाल्यावर त्यांना जुने लॅपटॉप उघडून बघायचा नाद लागला, पण डोक्यातले नळ काही गेले नाहीत. वायफायच्या डब्याला ते टाकी म्हणायचे. लॅपटॉपला वायफाय दिसत नसलं की सांगायचे, "टाकीत हाय आन् नळाला नाय. म्हंजे मधी कुठंतरी अडलंय. मशिनीला कशाला शिव्या देता?"

आमचं अगदी तसंच झालं होतं. बारावीनंतर बेबीला एका दवाखान्याचे कागद घरी बसून टाईप करायचं काम मिळालं. मी ज्यांच्याकडे पोळ्या करते त्या बाईंनी त्यांचा जुना लॅपटॉप दिला. आम्ही हौसेनं वायफाय घेतलं. ते मोबाईलला दिसायचं, लॅपटॉपला काही केल्या दिसेना. दवाखान्यातल्या मॅडमनी सांगून टाकलं, महिनाअखेरीपर्यंत सुरू झालं नाही तर काम दुसऱ्या मुलीला देऊ. दुकानवाला म्हणाला, हा फेका, नवा घ्या. नवा घ्यायची ऐपत असती तर जुना कशाला आणला असता?

शेवटी दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या काकांकडे गेलो.

"शंभर रुपये अनामत," काका म्हणाले. "नळ घ्यायचा तरी भरावी लागती. काम झालं की परत." रीतसर पावती लिहून दिली, आणि चहाही दिला.

आधी त्यांनी लॅपटॉपच्या कडेचं बारीक बटण सरकवून बघितलं. "ह्यो पहिला व्हॉल्व. निम्म्या लोकांचा इथंच बंद ऱ्हातो." आमचा चालू होता. मग चहा गार होईपर्यंत आत काहीबाही काढलं, पुन्हा घातलं. आणि काय सांगू, काकांच्या घरचं वायफाय आमच्या लॅपटॉपला लख्ख दिसलं.

"मशीन बेकसूर हाय," काका म्हणाले. "घर बघावं लागंल."

घरी येऊन त्यांनी वायफायकडे बघितलंच नाही. आमचे पाच ड्रम एकेक करून बोटानं वाजवले.

"काका, वायफायचं बघा ना," बेबी म्हणाली.

"त्येच बघतोय, पोरी."

ते दुष्काळाचं वर्ष होतं. पाणी आठव्या दिवशी यायचं, म्हणून पुढच्या खोलीत भिंतीला लागून ड्रम होते. त्यांच्या मागं कोपऱ्यात, जमिनीलगत, वायफायचा डबा. लॅपटॉपची बॅटरी मेलेली, त्यामुळं तो आतल्या खोलीतल्या बोर्डालाच कायम लावून ठेवावा लागे. काका आठ दिवस रोज आले. किती ड्रम भरलेले आणि लॅपटॉपवर वायफायच्या रेंजच्या किती दांड्या, एवढंच वहीत लिहून निघून जायचे. बेबीनं मला बाजूला घेऊन विचारलं, "आई, ह्यांचं डोकं ठीक आहे ना?" मलाही खात्री नव्हती.

सातव्या दिवशी ड्रमांनी तळ गाठला, आणि कुणी हात न लावता लॅपटॉपवर दोन दांड्या आल्या. दुसऱ्या दिवशी पाणी आलं. ड्रम भरले. दांड्या गेल्या.

काका पालथ्या बादलीवर बसून हसत सुटले. "जन्मभर पाणी सोडलं मी. आन् इथं पाणीच लाईन अडवून बसलंय."

ड्रम हलवा असं ते म्हणाले नाहीत. त्या दिवसांत भरलेला ड्रम हलवायला कुणी सांगत नसे. त्यांनी डबाच उचलून वर माळ्यावर ठोकला. चार दांड्या. महिना संपायला तीन दिवस होते. बेबीचं काम वाचलं.

आता अनामत. रविवारी घ्यायला गेले तर काकांनी चहा दिला, चिवडा दिला आणि दहाची एक कोरी नोट दिली. उरलेले मागायची मला लाज वाटली. पुढच्या रविवारी पुन्हा दहा. मी नोटेकडे बघत राहिले तसे तेच म्हणाले, "एकदम सोडलं की सगळं पयल्याच घरात जातं, ताई. थोडं थोडं सोडावं."

मला बोलता येत नाही आणि त्यांना थांबता येत नाही, त्यामुळं आमचं बरं जमायचं. एकदा म्हणाले, "नोकरीत होतो तवा गल्लीत शिरलो की बाया दारात उभ्या ऱ्हायच्या. शिव्या द्यायच्या, च्या बी द्यायच्या. आता दाराची बेल चालू हाय का बंद, ह्ये बी कळत नाय." मी नुसतं हं म्हणाले.

पुढं बेबीचा पगार सुरू झाला आणि आम्ही जालना रोडला, करमाडच्या अलीकडं, नव्या वस्तीत स्वस्तात खोली घेतली. "दहा रुपयांसाठी ऐंशी रुपये रिक्षाला घालतेस," बेबी म्हणायची. हिशेबानं तिचं बरोबरच होतं. पाचव्या रविवारी ती माझ्याबरोबर आली आणि चहा यायच्या आतच म्हणाली, "काका, राहिलेले एकदाच देता का? आईला लई लांब पडतं."

काका गॅसपाशी होते. "व्हय की. माझ्या ध्यानातच आलं नाय बघ." त्यांनी गॅस बारीक केला. चिवड्याच्या डब्याखालून नोटा काढल्या, बेबीच्या हातात ठेवल्या, आणि पावतीवर सावकाश लिहिलं, पूर्ण परत.

मला म्हणायचं होतं, असू द्या काका, मला लांब पडत नाही. पण तोंडून शब्द फुटला नाही. बेबीनं नोटा मोजल्या. साठ भरले.